भादू वर येईपर्यंत

बारा पोरांना एकाच दुपारी ताप चढला तर काय करायचं, हे सगळ्या जगात एकट्या प्रांजली निखाडेला माहीत होतं. एकाला मांडीवर घ्यायचं, दुसऱ्याला पाठीशी टेकवायचं आणि उरलेल्या दहांना गोष्ट सांगायची. ताप उतरेपर्यंत गोष्ट संपू द्यायची नाही.

पोरं बारा, पण तोंड एकच. तोच बसका नाकाचा शेंडा, तीच जुळलेली भुवई, डाव्या कानाची तीच मुडपलेली पाळी. ते तोंड प्रांजलीच्या बाबांचं होतं.

तिचे बाबा, दौलत निखाडे, चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीत कामाला होते. प्रांजली सहा वर्षांची असताना खाणीचं छत बसलं आणि बाबा आत अडकले. नवव्या दिवशी त्यांना वर आणलं तेव्हा अंग गार पडलेलं आणि नाडी मिनिटाला अकरा ठोके. डॉक्टरांनी मरणाचा कागद लिहायला घेतला आणि बाबांनी डोळे उघडून पाणी मागितलं. त्यानंतर ते आठ वर्षं जगले आणि खाणीतली माणसं जातात तसे छातीच्या दुखण्यानं गेले. पण ते नऊ दिवस कसे निघाले हे शोधायला डॉक्टरांनी त्यांच्या दंडातून मांसाचा एक कण काढून घेतला होता. बाबांच्या मागं तो राहिला.

उत्तर निघालं ते असं. माणसाचं शरीर म्हणजे सतत पेटलेली चूल. हवा कमी पडली की चूल विझते. दौलत निखाडेंच्या पेशींत एक उपजत फरक होता. हवा कमी पडली की त्यांची चूल विझायची नाही, आपोआप मंद व्हायची; अस्वल हिवाळा निजून काढतं तशी. काळीज सावकाश, श्वास सावकाश, आणि एका दिवसाच्या हवेत आठ-दहा दिवस.

नेमक्या अशाच माणसाची तेव्हा गरज पडली होती. लघुग्रहांच्या पोटात हवे ते धातू होते आणि ते काढायला यंत्रं पाठवून झाली होती. पण तिथली धूळ काचेच्या भुग्यासारखी. ती यंत्रांच्या सांध्यात शिरायची आणि महिन्याभरात त्यांना लुळं करायची. पृथ्वीवरून हुकूम द्यावा तर तो पोचायला एकोणीस मिनिटं. तिथं माणूसच हवा होता, थोड्या हवेवर आणि थोड्या अन्नावर टिकणारा. मग खनिज मंडळानं त्या कणातल्या पेशी घेतल्या, त्यांचं केंद्रक रिकाम्या केलेल्या बीजांडांत ठेवलं, हाडं जाड व्हावीत आणि वाढ दुप्पट वेगानं व्हावी एवढे फेरफार केले. कृत्रिम गर्भाशयांतून बारा बाळं बाहेर आली. ती नऊ वर्षांत अठरा वर्षांची होणार होती.

संमतीच्या कागदावर सही प्रांजलीनं केली. तिच्या आईनं केली नाही. "माझा माणूस एकदा मेला," आई म्हणाली. "त्याले बारा वेळा जितं करून पुन्हा दगडाखाली घालता? मले त्याचं तोंड दाखवू नका." आणि खरंच, संगोपन केंद्र घरापासून सात किलोमीटरवर, त्याच बंद पडलेल्या खाणीच्या पोटात असून आईनं नऊ वर्षांत एकदाही तिकडं पाऊल टाकलं नाही.

मंडळाच्या कागदांत पोरं एक ते बारा होती. मंडळानं त्यांना वाढवायला नेमलेल्या प्रांजलीनं महिन्यांची नावं दिली, चैतूपासून फागूपर्यंत. लोक विचारायचे, ओळखता कसं हो? टाळूवर तेल जिरवताना तिच्या तळव्याला कळायचं. चैतू डोकं ताठ धरायचा. फागू तिच्या हातात डोकं सोडून द्यायचा. आणि भाद्रपदातला भादू दूध पिता पिता मध्येच हसायचा, दर वेळी ठसका लागून घ्यायचा, आणि तरी हसायचा. पोरं तिला माय म्हणत. बोलायला शिकली ती तिच्याचसारखी, चंद्रपुरी.

झोपवताना गोष्ट ठरलेली, आजोबांची. त्यांच्या खाणीवर रीत होती. पाळी संपली की प्रत्येकानं आपला दिवा आपल्या खुंटीला लावायचा, आणि शेवटचा दिवा खुंटीला लागेपर्यंत कोणी डबा उघडायचा नाही.

"मंग आजोबा नऊ दिवस आत होते तर?" भादू दर वेळी नव्यानं विचारायचा.

"तर नऊ दिवस कोणी डबा उघडला नाही."

"कोणीच नाही? एक घास बी?"

"एक घास बी नाही."

इथं बारा जण एकदम समाधानाचा सुस्कारा सोडायचे आणि निजायचे.

पुढं एकदा मार्गू दोन दिवस दवाखान्यात होता, तेव्हा अकरा ताटं तशीच राहिली. मार्गूला उचलून आणून पंगतीत बसवल्यावर पोरं जेवली. तेव्हा सगळ्यांना मोठं कौतुक वाटलं होतं. मंडळाच्या अहवालात लिहिलं गेलं: गटभावना उत्तम.

*

पोरं गेली त्याला दोन वर्षं झाली होती. आपल्या लघुग्रहाला त्यांनी दगड्या असं नाव ठेवलं होतं. रोज दुपारी त्यांचा निरोप यायचा आणि प्रांजली उलट निरोप धाडायची. गेले चार दिवस मात्र निरोप नव्हता. सौरवादळामुळे संपर्क तुटलाय, असं मोहीमप्रमुख कर्णिक सांगत होते.

पाचव्या दिवशी सकाळी कर्णिक स्वतः दोन कप चहा घेऊन तिच्या खोलीत आले.

"साहेब, तुम्ही चहा आणला म्हणजे बातमी वाईट आहे," ती म्हणाली.

"प्रांजलीताई, बसा आधी."

"बसलेलीच आहे मी. सांगा."

"वादळ नव्हतं," कर्णिक कपाकडं बघत म्हणाले. "आम्हाला वाटलं, दोन दिवसांत निस्तरेल. तुम्हाला उगाच घोर नको."

मग त्यांनी सांगितलं. लघुग्रह म्हणजे अखंड खडक नव्हे. एकमेकांना जेमतेम धरून राहिलेल्या धोंड्यांचा ढीग. तिथं वजन नसल्यासारखंच, म्हणून बोगदा कोसळत नाही. सरकतो. मूठ मिटावी तसा हळूहळू मिटतो. पाच दिवसांपूर्वी तिसरा बोगदा मिटला. अकरा जण बाहेर होते.

"आत कोण?"

"सहावा."

महिने मोजायला तिला बोटं लागली नाहीत. "भादू."

"पोशाखात हवा तीस तासांची. पण बाबांसारखा निजला असेल तर…"

"निजला असेलच. तर नऊ दिवस, दहा दिवस. आज सहावा. खणून रायले ना ते?"

"खणताहेत. ताई, अडचण ती नाही." कर्णिकांनी चष्मा काढला. "ते जेवत नाहीयेत."

प्रांजलीच्या हातातला कप तसाच राहिला.

"सहा दिवस, आणि वरून खणणं. रक्तातली साखर फार उतरली की शरीराला वाटतं हवा संपली, आणि तीच कळ दाबली जाते. माणूस निजतो. पण निजेतून उठायलाही इंधन लागतं, अंग पुन्हा तापवावं लागतं. पोटभर खाऊन निजलेला उठेल. उपाशी निजलेला उठणार नाही. चौघं निजलेत. सात उरलेत, तेही परवापर्यंत निजतील. मग अकराही जातील, ताई. आणि भादूही."

"तुम्ही सांगितलं नाही, जेवा म्हणून?"

उत्तरादाखल त्यांनी चैतूचा शेवटचा निरोप लावला. आवाज बाबांचा, तरुण बाबांचा, पण थकून खोल गेलेला.

"माय, साहेब म्हणते की तुले यायला वेळ नाही. आम्ही ठीक आहो. भादूचा दिवा खुंटीले नाही, म्हणून डबे तसेच ठेवले. साहेब रोज म्हणते जेवा. साहेबाले रीत माहीत नाही, त्याले समजावून सांगजो."

कर्णिक हळूच म्हणाले, "एक मार्ग आहे. बाराही जणांचा गळा एकच. यंत्रावर भादूचा निरोप तयार करता येईल. मी बोगद्याच्या दुसऱ्या तोंडानं बाहेर आलो, पलीकडच्या तळावर आहे, जेवा. त्याच्यामागं तुम्ही एवढंच म्हणायचं, हो रे, माझं बोलणं झालं त्याच्याशी."

"आणि ते तळावर जातील तेव्हा?"

"तोवर त्यांच्या पोटात चार घास गेले असतील."

"आणि खणणं थांबलं असेल."

कर्णिकांनी चष्मा पुन्हा घातला. माणूस वाईट नव्हता. पोरांच्या दुसऱ्या वाढदिवसाला घोडा होऊन बाराही जणांना पाठीवर फिरवलेला माणूस होता. अकरा वाचवायचे तर बारावा सोडावा लागेल, हा हिशेब त्यांनी रात्रभर जागून मांडला असावा, असं त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

"मला दहा मिनिटं द्या," प्रांजली म्हणाली. "आईला फोन करते."

*

आई वसाहतीतल्या तिच्या दोन खोल्यांत ओट्याशी उभी होती. मागं कुकरची शिटी वाजली.

"काहून केला फोन? कामावर असतानी?"

"आई, बाबा आत होते तेव्हा… बाहेरची माणसं जेवत होती का गं?"

"हे काय आता?"

"सांग ना. नऊ दिवस. डबे उघडले होते का कोणी?"

"डबे कसे उघडतील? डबे तर पहिल्याच दिवशी नासले." आईनं गॅस बंद केला असावा, मागचा आवाज थांबला. "मी नेत होती ना भाकरी. रोज दोन टोपल्या. आजूबाजूच्या बाया थापत होत्या, मी नेत होती. तू होतीस ना माझ्या मागं, पदर धरून. इसरली?"

प्रांजली विसरली नव्हती. तिला टोपली आठवत होती, वरचं ओलं फडकं, मिरचीच्या ठेच्याचा वास. गोष्ट सांगताना तिनं ती टोपली पहिल्याच खेपेला गाळली होती. टोपली घातली की गोष्ट साधी व्हायची, आणि बारा पोरांचा तो सुस्कारा आला नसता.

"त्यांनी खाल्लं?"

"पहिल्या दिवशी नाही म्हणाले. रीत आहे म्हणे वहिनी, दौलतचा दिवा खुंटीले नाही. मी म्हटलं, चुलीत गेली तुमची रीत. तुमच्या हातात बळ असलं तर माझा माणूस वर येईन. उपाशी हातानं कोण खणते? एकेकाच्या तोंडात घास कोंबला मी. रडत रडत खाल्लं त्यांनी." आई थांबली. "तू काहून विचारून रायली?"

प्रांजलीनं सांगितलं. सगळं सांगितलं, गोष्टीतून गाळलेली टोपलीही.

मग आई म्हणाली, "त्याइले ऐकू जाते का माझं बोलणं? इथून?"

"जातं. एकोणीस मिनिटांनी."

"मंग ठेव तो फोन तिकडं, त्या यंत्रापाशी."

*

कर्णिक म्हणाले, "मंडळाला विचारावं लागेल, ताई. ठरलेला निरोप वेगळा आहे."

"विचारा. तोवर अजून किती निजतील?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, आणि ध्वनिग्राहक स्वतःच्या हातानं तिच्यापुढं सरकवला.

"चैतू, मी माय," प्रांजली म्हणाली. "सगळ्यांना जवळ बोलाव. जे निजलेत त्यांना हलवून बघा. भादू अजून आत आहे, आणि तो निजला असेल, मेला नसेल. हे मी खरं सांगते. आता दुसरं खरं सांगते. आजोबांच्या वेळी खाणीवरची माणसं जेवली होती. नऊच्या नऊ दिवस. मी तुम्हाला खोटं सांगितलं. गोष्ट चांगली लागावी म्हणून सांगितलं. ते उपाशी राहिले असते तर आजोबा वर आलेच नसते. रीत होती, पण ती रोजच्या दिवसाची. माणूस आत अडकला की रीत मोडून खायचं आणि खणायचं. माझं चुकलं, बेटा. इथं तुमची आजी आहे फोनवर. तिनंच त्यांना चारलं होतं."

तिनं फोन ध्वनिग्राहकाला टेकवला. आईचा आवाज आला, घोगरा, जरा जास्तच मोठा. दूरच्या माणसाशी बोलताना आई नेहमी ओरडायची.

"पोट्टेहो! मी आजी. तुम्ही मले पाहिलं नाही. मी आली नाही, ते माझं चुकलं, ते मी पाहीन काय करायचं ते. आता ऐका. जेवा. पहिला घास नरड्यात अडकन, अडकू द्या, वरून पाणी प्या. जे निजले त्याइच्या तोंडात साखरेचं पाणी घाला, थेंब थेंब. आणि मंग खणा. माझा माणूस तुमच्यासारखाच होता, तो नऊ दिवस वाट पाहत होता. तुमचा भाऊ बी पाहून रायला असन. जेवता का नाही?"

मग ती वाट पाहू लागली, जणू पलीकडून लगेच हो येणार होतं.

"आई, एकोणीस मिनिटं जायला लागतात," प्रांजली म्हणाली. "आणि एकोणीस यायला."

"हो का," आई म्हणाली. "मी आहे फोनवर."

अडतीसऐवजी पन्नास मिनिटं लागली. मग बाबांचा तो आवाज आला, "माय, खरं सांगून रायली?" नंतर डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज, आणखी एक, आणि कोणाला तरी ओकारी आल्याचा. मग चैतू म्हणाला, "जेवतो आजी. ओरडू नको."

फोनवर आई पहिल्यांदा रडली. नवरा गेला तेव्हाही इतकं रडली नव्हती.

*

निजलेले चौघंही उठले. कार्तिकला उठायला दीड दिवस लागला, पण उठला. पोरं पाळ्या लावून खणत होती. पुढचे दोन दिवस प्रांजली त्याच खोलीत राहिली. आई रिक्षा करून आली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या केंद्राच्या पायऱ्या उतरली. पडद्यावर अकरा दौलत निखाडे धुळीनं माखून घास चावत होते. आईनं एकदा पाहिलं, पदर तोंडाला लावला, मग खुर्ची ओढून जवळ बसली. "तो डावीकडचा नीट चावत नाही," एवढंच म्हणाली.

आठव्या दिवशी दुपारी चैतूचा निरोप आला. पडद्यावर चित्र नव्हतं, नुसता आवाज होता.

"माय, भादू भेटला. दोन्ही हात छातीशी घेऊन निजला होता. आम्ही त्याले बाहेर आणलं, ऊब दिली, तोंडात पाणी घातलं. पाच तास केलं. मंग पोशाखातली नोंद पाहिली. त्याचं काळीज आज पहाटेपर्यंत चालू होतं. आम्ही पोचायच्या आधी सहा तास."

प्रांजलीनं टेबलाची कड धरली. आईचा हात तिच्या पाठीवर आला.

चैतूचा आवाज शांत होता. लहानपणी गणित सोडवताना असायचा तसाच.

"मी मोजून पाहिलं, माय. उपाशी आम्ही दिवसाले दोन हात खणत होतो. जेवून पाच हात. पहिल्या दिवसापासून जेवलो असतो तर तीन दिवस आधीच पोचलो असतो. मी तुले दोष देऊन नाही रायलो. तू खरं सांगितलं म्हणून आम्ही अकरा आहो, हे बी मोजलं मी. पण आता रात्री निजतानी सगळे एकच विचारून रायले. तुझ्या गोष्टीत आणखी काय काय खरं नव्हतं? फागू म्हणते, दहा वर्षं झाली की यान येईन आणि आपण सगळे मायकडं जाऊ, ते तर खरं आहे ना? तू सांगजो. तू सांगशीन ते आम्ही धरू."

निरोप संपला.

परतीचं यान बांधलेलं नव्हतं. आराखड्यातच नव्हतं. पोरं चार वर्षांची, म्हणजे दिसायला आठ वर्षांची असताना प्रांजलीला ते कळलं होतं. त्या दिवशी ती खूप भांडली होती, राजीनामाही लिहिला होता. मग तिला वाटलं, आपण गेलो तर यांना थोपटेल कोण? तिनं कागद फाडला, आणि त्या दिवशी पोरांना झोपवताना यानाची गोष्ट सांगितली. तेव्हाही बारा सुस्कारे एकदम आले होते.

"ताई," कर्णिक दाराशी उभे होते. "हे सांगितलंत तर ते काम थांबवतील. उद्या आपल्याशी बोलणंही थांबवतील कदाचित. आजच भाऊ गेलाय त्यांचा. आज नको."

"मग कधी, साहेब? पुढचा एखादा अडकेल तेव्हा?"

कर्णिक आत आले आणि भिंतीशी उभे राहिले.

प्रांजलीनं आईकडं पाहिलं. आईनं पाठीवरचा हात काढला नाही.

"फागू, बेटा," प्रांजली म्हणाली, "माझ्याजवळ ये. सगळे या. यान येणार नाही. ते कधी बांधलंच नव्हतं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. तुम्ही निजावं म्हणून सांगितलं नाही, आणि मग तुम्ही गेल्यावर माझी हिंमत झाली नाही. इथं आता मी भांडेन, आजी भांडेल, पण येईलच असं मी म्हणणार नाही. तुम्हाला मी जन्म दिला नाही, पण बाकी सगळं मी केलं, आणि हेही मीच केलं. भादूला झाका. त्याच्या टाळूवर हात ठेवा एकदा, माझ्या नावानं."

तिनं कळ दाबली. निरोप निघाला. आता तो परत बोलावता येणार नव्हता.

अडतीस मिनिटं झाली. एक तास झाला. आईनं घरून आणलेली भाकरी पुढं ठेवली. प्रांजलीनं ती घेतली नाही. दोन तास झाले. कर्णिक खाली बसले, जमिनीवरच.

तिसऱ्या तासाला यंत्रावरचा दिवा लागला.

"ऐकलं आम्ही," चैतू म्हणाला. त्याच्या मागं कोणीतरी हुंदके देत होतं. "भादूले झाकलं. हात ठेवला, सगळ्याइनं. फागू रडून रायला. बाकीचे जेवून रायले, त्याले बी चारतो थोड्या वेळानं." तो थांबला. तिला माय म्हणावं की नाही, हे तो ठरवतो आहे असं तिला वाटलं. मग त्यानं काहीच म्हटलं नाही.

"उद्या बोलू," चैतू म्हणाला.